पानावरच्या जाहिराती बदलून देणगी उभी करणारे एक्स्टेंशन: यात नेमके चुकते कुठे?

कोथरूडकर

आम्ही काही मित्र सॉफ्टवेअर क्षेत्रात नोकरी करतो आणि फावल्या वेळात मेळघाटातील एका संस्थेसाठी निधी जमवतो. दरवर्षी त्याच नातेवाइकांपुढे, त्याच सहकाऱ्यांपुढे आणि त्याच व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हात पसरणे आता जिवावर येते. म्हणून आमच्यातील एकाने असे सुचवले, की आपण ब्राउझरसाठी एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडले जाणारे छोटे सॉफ्टवेअर, लिहावे. ते वाचकाने उघडलेल्या पानावरील जाहिराती ओळखून काढून टाकेल आणि त्याच चौकटींत आम्ही मिळवलेल्या जाहिराती दाखवेल. त्यांचे जे पैसे येतील, ते सर्व्हरचा खर्च वजा जाता संस्थेला दिले जातील. वाचकाला खिशातून एक रुपयाही काढावा लागणार नाही.

कल्पना ऐकताक्षणी आवडली आणि घरी येईपर्यंत खटकू लागली. परंतु ती का खटकते हे मला धड मांडता येत नाही. मित्राचे म्हणणे असे, की ज्याला जाहिराती नको असतात तो आजही अ‍ॅडब्लॉकर वापरतोच आणि त्याला कोणी चोर म्हणत नाही. अशा वाचकाकडून संकेतस्थळाला आज शून्य मिळते, आमचे एक्स्टेंशन घेतल्यावरही शून्यच मिळेल. मग त्या रिकाम्या चौकटीतून मुलांच्या आहारासाठी चार पैसे निघाले, तर कोणाचे काय बिघडले? शिवाय वाचक हे सगळे समजून-उमजून, स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या हाताने बसवणार आहे.

जाहिरात रोखणे आणि जाहिरात बदलणे यांत नैतिकदृष्ट्या फरक आहे का, आणि असल्यास पैसे सत्कार्याला जातात एवढ्याने तो फरक पुसला जातो का, यावर मला जाणकारांची मते हवी आहेत. कायद्याची बाजू कोणी सांगितली तर उत्तमच. मात्र कायद्यात बसते एवढ्या आधारावर हे करावे असा आमचा विचार नाही.

विहंगम

आपल्या मित्राच्या युक्तिवादातील 'शून्याचे शून्यच' हा दुवा मला सर्वांत कच्चा वाटतो. आपले एक्स्टेंशन बसवणारा प्रत्येक जण आधीपासून अ‍ॅडब्लॉकर वापरणाराच असेल, तरच तो टिकतो. प्रत्यक्षात उलटे होण्याची शक्यता अधिक आहे. ज्यांनी आजवर अ‍ॅडब्लॉकर बसवला नाही, त्यांतील बऱ्याच जणांना 'लेख फुकट वाचतो, निदान जाहिरात तरी दिसू द्यावी' असे मनातून वाटत असते. त्यांच्या मनातील ही टोचणी आपले एक्स्टेंशन 'मुलांच्या आहारासाठी' या दोन शब्दांत घालवून टाकते. म्हणजे धर्मादाय हेतूमुळे आपण नेमका तोच वाचक ओढून घेणार, ज्याच्याकडून संकेतस्थळाला आजपर्यंत काही ना काही मिळत होते. एक्स्टेंशन जितके यशस्वी, तितके हे नुकसान मोठे.

आता रोखणे आणि बदलणे यांविषयी. रोखणारा वाचक एवढेच म्हणतो, की हे मला पाहायचे नाही. त्या नकारातून त्याला थोडी शांतता आणि थोडा वाचलेला डेटा याखेरीज काही मिळत नाही, आणि तो कोणाला काही विकत नाही. बदलणारा मात्र विक्री करतो. तो जे विकतो ते वाचकाचे लक्ष आहे, आणि ते लक्ष त्या पानावर आले आहे ते कोणीतरी बातमी मिळवली, पाककृती करून पाहिली किंवा नकाशा काढला म्हणून. हे ताडून पाहायचे असेल, तर तीच जाहिरात एका कोऱ्या पानावर लावून किती गिऱ्हाईक मिळते ते पाहावे. जे मिळणार नाही, तेवढे मोल लेखकाच्या श्रमाचे होते. ते उचलून आपण संस्थेला देणार असू, तर त्याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात, आणि तुळशीपत्र कितीही पवित्र असले तरी घर हलवायाचेच राहते.

या वादाला पंचवीस वर्षांचा इतिहास आहे आणि आपण तो पाहून घ्यावा असे मी सुचवीन. अमेरिकेतील गेटर नावाचे सॉफ्टवेअर लोक पासवर्ड लक्षात ठेवण्याच्या सोयीसाठी बसवून घेत आणि त्यासोबत ते लोकांच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्यांच्या संकेतस्थळांवर स्वतःच्या जाहिराती झळकवत असे. २००२ च्या जूनमध्ये वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स, डाऊ जोन्स यांसह अनेक प्रकाशकांनी व्हर्जिनियातील न्यायालयात दावा लावला. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि २००३ च्या आरंभी तडजोड झाली. गेटरचा बचाव आपल्या मित्राच्याच शब्दांतला होता: वापरणाऱ्याने स्वतःहून बसवले आहे, संगणक त्याचा आहे, मग प्रकाशकाचा संबंध काय?

दुसरे उदाहरण आपल्या कल्पनेच्या अधिक जवळचे आहे. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेचे जनक ब्रेंडन आइक यांनी २०१६ च्या जानेवारीत ब्रेव्ह ब्राउझर जाहीर केला. पानावरील जाहिराती काढून त्या जागी पाळत न ठेवणाऱ्या जाहिराती दाखवायच्या आणि उत्पन्नातील ५५ टक्के वाटा त्याच प्रकाशकाला द्यायचा, अशी त्यांची मूळ योजना होती. एप्रिलमध्ये १७ अमेरिकी वृत्तपत्र प्रकाशकांनी त्यांना नोटीस पाठवून ही योजना उघडउघड बेकायदेशीर असल्याचे कळवले. निम्म्याहून अधिक पैसे देऊ केले असतानाही ते चिडले, कारण वाटा ठरवताना त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आपल्या योजनेत तर प्रकाशकाचा वाटाच नाही. ब्रेव्हने नंतर वाट बदलली. आता त्यांच्या जाहिराती पानाच्या चौकटीत न येता मुख्यतः स्वतंत्र सूचना म्हणून किंवा ब्राउझरच्या स्वतःच्या नव्या टॅबवर दिसतात. त्या कंपनीच्या इतर काही गोष्टी मला पटत नाहीत; पण दुसऱ्याच्या पानाला हात न लावता स्वतःच्या जागेत जाहिरात दाखवायची, हे वळण योग्य होते.

उलटतपासणी

विहंगम यांचे तुळशीपत्र ऐकायला छान आहे, पण घर हलवायाचे आहे हे गृहीत धरूनच ते ठेवले आहे. संकेतस्थळ मला जे पाठवते तो मजकूर असतो. तो कसा मांडायचा हे माझा ब्राउझर ठरवतो. मी अक्षर मोठे करतो, पार्श्वभूमी काळी करतो, दृष्टिहीन वाचक तेच पान ऐकतो, आणि यांपैकी कशासाठीही कोणी प्रकाशकाची परवानगी मागत नाही. माझ्या पडद्यावरील अमुक चौकोन प्रकाशकाच्या मालकीचा आहे, हे कुठून आले? मी त्याच्या घरात शिरलेलो नाही. त्याने आपला माल माझ्या ओसरीवर आणून मांडला आहे.

जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी अ‍ॅडब्लॉक प्लस या अ‍ॅडब्लॉकरची कंपनी आणि अ‍ॅक्सेल स्प्रिंगर ही प्रकाशन कंपनी यांच्या खटल्यात अ‍ॅडब्लॉकर ही अनुचित स्पर्धा नसल्याचा निर्णय दिला. जाहिरात रोखायची की नाही हे वापरणारा ठरवतो आणि प्रकाशकाला अशा वाचकाला दार बंद करण्याची मोकळीक आहे, असा त्याचा रोख होता. स्वामित्वहक्काच्या अंगाने तोच वाद पुन्हा उभा राहिला आणि जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने तो हॅम्बुर्गच्या न्यायालयाकडे फेरविचारासाठी पाठवला, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा कायद्याचे दार अजून पुरते लागलेले नाही.

आणि बदलणे म्हणजे दरवेळी विकणेच असते असे नाही. १२ मार्च २०१६ रोजी, इंटरनेटवरील सेन्सॉरशिपविरोधी दिनी, अ‍ॅडब्लॉक या एक्स्टेंशनने एक दिवस रोखलेल्या जाहिरातींच्या जागी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलचे संदेश दाखवले होते. एडवर्ड स्नोडेन, चिनी कलावंत आय वेवे आणि रशियन संगीतगट पुसी रायट यांचे ते संदेश होते. तेही चोरी होती का? ज्या जाहिरातींचा आपण एवढा कैवार घेत आहोत त्यांतील बऱ्याचशा वाचकावर पाळत ठेवतात, मोबाईलची बॅटरी खातात आणि 'एका आठवड्यात पोट कमी' असले दावे करतात. अशा जाहिरातीच्या जागी कुपोषित मुलासाठी पैसा देणारी जाहिरात आली, तर जगातील एकूण भले वाढले की घटले, एवढाच हिशोब मला महत्त्वाचा वाटतो.

माध्यमयोजक

मी जाहिरात संस्थेत ऑनलाइन माध्यमांची खरेदी पाहतो. वरील चर्चेत प्रकाशक आणि वाचक यांच्याविषयी बरेच बोलले गेले. जाहिरातदाराचा मात्र कोणी विचार केलेला दिसत नाही, आणि माझ्या मते ही कल्पना सर्वांत आधी त्याच्याच दारात अडते.

पहिल्यांदा तांत्रिक तपशील पाहू, कारण नीतीचा प्रश्न त्यातच दडला आहे. एक्स्टेंशन जाहिरात दोन प्रकारे बदलू शकते. एक तर ती मागवली जाण्याआधीच विनंती अडवायची. मग मूळ जाहिरात मोजली जात नाही आणि प्रकाशकाला पैसे मिळत नाहीत. किंवा मूळ जाहिरात येऊ द्यायची आणि तिच्यावर आपली जाहिरात चिकटवायची. दुसऱ्या प्रकारात प्रकाशकाचे नुकसान होत नाही, म्हणून तो अधिक सौम्य वाटतो आणि आपल्या मित्रालाही पुढे तोच सुचेल अशी मला शंका आहे. पण त्यात मूळ जाहिरातदार न दिसलेल्या जाहिरातीचे पैसे भरतो. आमच्या व्यवसायात जाहिरातीचा निम्मा भाग किमान एक सेकंद पडद्यावर दिसला तर ती 'पाहिली गेली' असे धरतात. वर चिकटवलेला थर मोजणाऱ्या कोडला दिसेलच असे नाही. म्हणजे कागदोपत्री जाहिरात पाहिली गेली, बिल निघाले, आणि वाचकाला दिसले भलतेच. हे सरळ सरळ फसवून घेतलेले पैसे आहेत. तेव्हा प्रकाशकाला बुडवायचे की जाहिरातदाराला, एवढीच निवड उरते. तिसरा मार्ग या रचनेत नाही.

आता आपल्याला जाहिराती देणार कोण, ते पाहा. २०१७ पासून प्रकाशक आपल्या संकेतस्थळाच्या मुळाशी अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी फाइल ठेवतात. आमच्या पानावरील जागा विकण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, याची यादी तिच्यात असते, आणि खरेदी करणाऱ्या यंत्रणा ती तपासतात. बनावट विक्रेत्यांना आळा घालण्यासाठीच ती सोय आली. आपले एक्स्टेंशन कोणत्याही प्रकाशकाच्या त्या यादीत असणार नाही. त्यामुळे नामांकित बँक, साबण किंवा मोटारीची जाहिरात आपल्याकडे येणार नाही. ज्यांना इतरत्र कोणी उभे करत नाही असे जुगाराचे अ‍ॅप, झटपट कर्जवाले आणि जादूची औषधेच येतील. उलटतपासणी यांना पोट कमी करणाऱ्या जाहिरातींचा राग आहे. आपल्या चौकटीत त्याच अधिक दिसतील, आणि त्याही मेळघाटातील मुलांच्या नावाने.

आपल्याला शेजारही चांगला लाभणार नाही. गूगल आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गूगलच्या संकेतस्थळांवर येणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांहून अधिक जणांकडे पानात जाहिराती घुसवणारे किमान एक सॉफ्टवेअर आढळले होते, आणि त्यांतील निम्म्यांकडे किमान दोन. गूगलने त्या वेळी अशी १९२ फसवी एक्स्टेंशन्स काढून टाकली. लेनोव्होच्या लॅपटॉपवर आधीच भरून दिलेले सुपरफिश हे सॉफ्टवेअर त्याच सुमाराचे. खरेदीच्या पानांत जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने सुरक्षित जोडणीचे कुलूपच बदलले होते, आणि पुढे २०१७ मध्ये लेनोव्होला अमेरिकी व्यापार आयोगाशी समझोता करावा लागला. आपला हेतू वेगळा आहे हे मान्य. पण पकडणारी यंत्रणा हेतू वाचत नाही, ती वागणूक वाचते.

चौकोनी

थोडक्यात लिहितो. असे एक्स्टेंशन बसवताना ब्राउझर जी परवानगी मागतो ती 'सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे' अशी असते. सर्व संकेतस्थळांत बँकही आली. आज ते आपल्या हातात आहे म्हणून ठीक. उद्या तुम्ही कंटाळलात आणि कोणाला विकलेत तर? द ग्रेट सस्पेंडर नावाचे लाखो लोकांचे आवडते एक्स्टेंशन २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक कोड असल्याचे सांगून गूगलने ते बंद केले. तसेच २०१५ मध्ये एअरटेलच्या ३जी जोडणीवरून उघडलेल्या पानांत परका कोड घुसवला जात असल्याचे बंगळुरूच्या एका प्रोग्रामरने उघडकीस आणले, तेव्हा आपण सगळ्यांनी केवढा गहजब केला होता ते आठवावे. 'माझ्या आणि संकेतस्थळाच्या मध्ये तिसऱ्याने येऊ नये' हेच तेव्हाचे म्हणणे होते.

रानवाट

मी सह्याद्रीतील घाटवाटा आणि किल्ल्यांविषयी एक मराठी संकेतस्थळ चालवते. वर ज्याला प्रकाशक म्हटले आहे तो दरवेळी न्यूयॉर्कमध्ये नसतो, एवढे सांगण्यासाठी लिहीत आहे.

माझ्या पानांवर वाट कुठे फुटते, कोणत्या ओढ्यापाशी उजवीकडे वळायचे, गडावरच्या कोणत्या टाक्यातील पाणी फेब्रुवारीनंतर पिण्याजोगे राहत नाही, अशी माहिती असते. ही माहिती एकदा लिहून संपत नाही. पावसाळ्यात दरड कोसळून जुनी वाट मोडते, गावकरी नवी पाडतात, आणि कोणीतरी जाऊन पाहून आल्याखेरीज ते पान धोकादायक ठरते. प्रत्येक पानावर लेखाच्या खाली एक आणि बाजूला एक अशा दोनच जाहिराती मी ठेवल्या आहेत. मराठी पानांना इंग्रजीच्या मानाने भाव कमी मिळतो, त्यामुळे त्यांतून डोमेन, होस्टिंग आणि एखाद्या फेरीचा एसटीचा खर्च सुटतो. नफा हा शब्द तिथे वापरण्याची सोय नाही.

उलटतपासणी म्हणतात की मी माझा माल त्यांच्या ओसरीवर आणून मांडते. मी तो मांडत नाही. ते मागवतात तेव्हा पाठवते. अक्षर मोठे करणाऱ्या किंवा पान ऐकणाऱ्या वाचकाविषयी माझी काहीही तक्रार नाही, उलट आनंदच आहे. अ‍ॅडब्लॉकर वापरणाऱ्याविषयीही तक्रार नाही. मी स्वतः बातम्यांची काही पाने त्याशिवाय उघडू शकत नाही. पण माझ्या लेखाच्या खाली, माझ्याच अक्षरांना लागून, मी न निवडलेली जाहिरात दिसली तर वाचक ती माझी समजणार. पाण्याच्या टाक्याविषयी विश्वासाने वाचणाऱ्या माणसाला त्याखाली जुगाराचे अ‍ॅप दिसले, तर 'ताईंनी पण सुरू केलं का' असेच तो विचारेल. पैसे गेले तर मी एक वेळ सोसेन. माझ्या नावाखाली दुसऱ्याने बोललेले सोसणार नाही.

अ‍ॅम्नेस्टीच्या उदाहरणाविषयी माझे मत असे, की तो एक दिवसाचा, सर्वांना सांगून केलेला निषेध होता आणि त्यातून अ‍ॅडब्लॉकने जागा भाड्याने दिली नव्हती. त्यालाही मी पूर्णपणे बरोबर म्हणणार नाही, पण तो वेगळ्या जातीचा प्रकार आहे.

नोंदवही

मी एका सार्वजनिक न्यासाचे हिशोब पाहतो. ज्याला पैसे मिळणार त्याची बाजू अजून आलेली नाही, म्हणून ही भर.

आपण संस्थेला विचारले आहे का? मूळ प्रश्नात तसा उल्लेख नाही. दान देणाऱ्याला बहुधा असे वाटते, की घेणाऱ्याने नाही म्हणण्याचा प्रश्नच येत नाही. पण डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश यूट्यूबर टॉम स्कॉट यांनी जाहीर तक्रार केली, की ब्रेव्ह ब्राउझर त्यांच्या नावाने आणि छायाचित्रासह देणग्या स्वीकारतो, त्यांना याची कल्पनाही नाही आणि ते स्वतः देणग्या घेतच नाहीत. त्यानंतर ब्रेव्हला आपली मांडणी बदलावी लागली. एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत हे एवढे गंभीर असेल, तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या संस्थेच्या बाबतीत किती असेल? आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयाचा मूळ स्रोत लेखापरीक्षक विचारतात. 'लोकांच्या पानांवरील जाहिराती झाकून मिळालेले' असे उत्तर मला वहीत लिहिता येणार नाही.

दाता नेमका कोण, हाही घोळ आहे. वाचकाला वाटेल मी दिले. पावती मात्र आपल्या गटाच्या नावाने निघेल, देणगीवरील प्राप्तिकराची ८०जी ची सवलतही आपल्यालाच, आणि जाहिरातीचे उत्पन्न आधी आपल्या हाती येणार असल्यामुळे त्यावरील कराचा विचारही आपल्यालाच करावा लागेल. वाचकाच्या हाती राहील फक्त 'मी काहीतरी करतो आहे' ही भावना. तिच्यावर विसंबून त्याने वर्षअखेरीचा आपला नेहमीचा धनादेश लिहिला नाही, तर संस्थेला मिळाले काय? अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये सुरू केलेली स्माइल योजना खरेदीच्या अर्धा टक्का रक्कम ग्राहकाच्या आवडीच्या संस्थेला देत असे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती बंद करताना कंपनीने कारण दिले, की लाखो संस्थांत रक्कम इतकी विखुरते की अपेक्षित परिणाम होत नाही. त्या कारणामागे दुसरी कारणे नसतीलच असे मी म्हणत नाही. पण तिथे निदान विकला जाणारा माल त्यांच्याच दुकानातला होता.

उलटतपासणी

जाहिरातदाराचा मुद्दा मला निरुत्तर करतो. पडद्यावरील चौकोन माझा आहे असे मी म्हणू शकतो. पण जाहिरातदाराने भरलेले पैसे माझे नाहीत, आणि झाकण्याच्या पद्धतीत ते घेतले जातात. आधीच रोखण्याच्या पद्धतीविषयी माझे मत कायम आहे. माझ्या पडद्यावर मला कोणाचा संदेश पाहायचा आहे हे मी ठरवणार, आणि त्यासाठी कोणी कोणाला पैसे दिले तर ते प्रकाशकाकडून हिरावलेले मी मानत नाही. फार तर त्याने माझ्यासाठी दार लावावे. रानवाट यांच्या लेखाला लागून परकी जाहिरात दिसू नये, ही मागणी मात्र मला योग्य वाटते. चौकट पानात न राहता ब्राउझरच्या कडेला, वेगळ्या रंगात आणि 'ही जाहिरात या संकेतस्थळाची नाही' अशा ओळीसह असेल, तर कोणाला आक्षेप राहू नये.

विहंगम

राहतो, कारण मूळ जाहिराती आपण तरीही काढूनच टाकत आहात. त्या जागच्या जागी राहू दिल्या आणि आपली पट्टी कडेला लावली, तर मात्र माझा आक्षेप बराच विरतो. मग प्रश्न नीतीचा न राहता एवढाच उरतो, की दुप्पट जाहिराती पाहायला कोण तयार होईल.

त्यापेक्षा ज्यांनी स्वतःची जागा निर्माण करून ती विकली, त्यांच्याकडे कोथरूडकर यांनी पाहावे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या द हंगर साइटवर बटण दाबले की प्रायोजकांच्या जाहिराती दिसत आणि त्यांच्या पैशातून अन्नदान होई. त्याच संस्थापकाने २००७ मध्ये फ्रीराइस काढले. शब्दार्थ ओळखा, तांदळाचे दाणे मिळवा, आणि खाली जाहिरात. टॅब फॉर अ कॉज हे एक्स्टेंशन नवा टॅब उघडल्यावर दिसणाऱ्या स्वतःच्या पानावर जाहिराती दाखवते आणि मिळकतीतून संस्थांना देणग्या देते. बर्लिनमध्ये क्रिस्तियान क्रोल यांनी २००९ मध्ये सुरू केलेले इकोसिया हे शोधयंत्र स्वतःच्या शोधपानावरील जाहिरातींतून झाडे लावते. आजवर २० कोटींहून अधिक लावली आहेत. दर महिन्याचा जमाखर्च ते प्रसिद्ध करतात, आणि २०१८ मध्ये त्यांनी कंपनी विकता येणार नाही व नफा बाहेर काढता येणार नाही अशी मालकीची रचना केली. चौकोनी यांनी विचारलेल्या 'उद्या विकलेत तर' या प्रश्नाचे ते मला माहीत असलेले सर्वांत चोख उत्तर आहे. यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या पानातील एक अक्षरही हलवत नाही.

कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. संस्थेला अद्याप विचारलेले नाही. या आठवड्यात विचारणार आहोत. चर्चेचा दुवा मित्राला पाठवला. अपेक्षेप्रमाणे झाकण्याचा मार्ग त्याच्या मनात होताच आणि माध्यमयोजक यांचा परिच्छेद वाचून त्याने तो सोडला. नव्या टॅबचा पर्याय आम्हाला सर्वांना पटतो. त्यासाठी सर्व संकेतस्थळे वाचण्याची परवानगीही लागत नाही. अडचण एवढीच, की त्या पानावर जाहिरात देणारे मिळेपर्यंत ते रिकामे राहणार. तोपर्यंत काही मराठी संकेतस्थळांनी आपणहून एखादी जागा देऊ केली, तर तिथे संस्थेचे आवाहन लावता येईल का? हे विचारणे आगाऊपणाचे वाटले तर सोडून द्यावे.

माध्यमयोजक

आगाऊपणाचे मुळीच नाही. रिकामी राहिलेली जागा सत्कार्याला देण्याची पद्धत वृत्तपत्रांत जुनी आहे. त्यासोबत संस्थेने गूगलच्या अ‍ॅड ग्रँट्स योजनेसाठी अर्ज करावा. पात्र संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती विनामूल्य मिळतात. रोख रक्कम नसते, आणि आवाहनाचे पान नीट लिहिलेले नसेल तर त्या जाहिराती वाया जातात, हे लक्षात ठेवावे.

रानवाट

पावसाळ्यानंतर माझ्या संकेतस्थळावर वर्दळ वाढते, तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबर लेखाखालची जागा मी देईन. मजकूर आधी मला दाखवावा लागेल, त्यावर संस्थेचे नाव व नोंदणी क्रमांक असावा, आणि दुवा थेट संस्थेच्या पानावर जावा. मधे आपल्या गटाचे किंवा कोणाचेही मोजणी करणारे पान नसावे. मुलांचे चेहरे दिसतील अशी छायाचित्रे मी लावणार नाही. बाजूची जागा माझ्याकडेच राहील, कारण होस्टिंगचे नूतनीकरण नोव्हेंबरात येते.